पस्तीस एचपीला चार फुटी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांत पहिलं, आणि तेही कशाबद्दल, तर बाबांच्या पस्तीस एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला रान कापायचा सहा फुटी मोवर चालेल का. ख्यालीखुशाली एका ओळीत आणि मोवर दीड पान. बरं केलंस, मलाही गळेपडू पत्रं आवडत नाहीत. उतारावरची जमीन बाबांनी मृत्युपत्रात तुझ्या नावावर ठेवली, अवजारांचं दुकान माझ्या, आणि ट्रॅक्टरचं काय ते लिहायचं राहिलं, म्हणून तो मी तुझ्याकडे धाडला. माझ्या दारात जागा अडवून उभा होता, एवढंच, प्रेमबिम काही नाही. आता तू येत्या सोमवारी त्या जमिनीवरचं काटेरी रान साफ करायला काढणार, आणि तुझी बायको पुढे चालत गवतातले दगड आणि खुंट दाखवणार, हे वाचलं आणि मी पत्र घडी करून गल्ल्याखाली ठेवलं. दोन दिवस उघडलं नाही. आज उघडलंय. हे पत्र संपेपर्यंत ट्रॅक्टरला चावी लावू नकोस, आणि बायकोला पुढे उभं करू नकोस. लहानपणी गोष्टीचं पुस्तक तू शेवटच्या पानापासून वाचायचास. हे तसं वाचलंस तर काही कळणार नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही चालणार. दुकानात आठ वर्षं काढलीस तू, तरी हा प्रश्न विचारतोस म्हणजे धन्य आहे तुझी. ट्रॅक्टरच्या पाटीवर पस्तीस लिहिलंय ते इंजिनचं. मागचा फिरता दांडा, ज्याच्यावर मोवर चालतो, तिथे पोचेपर्यंत त्यातले तीसही उरत नाहीत, आणि आपला म्हातारा तर आता अठ्ठावीसच्या वर देत असेल तर मी मिशा लावून फिरेन. नुसतं गवत असेल तर कापणीच्या दर फुटाला पाच एचपी धरायचे. तुझ्याकडे अंगठ्याएवढ्या जाड काटेरी फांद्या आहेत, तिथे सात धर. सहा फुटीला झाले बेचाळीस. आणणार कुठून? अठ्ठावीसला सातने भाग, चार येतात. चार फुटीच घे. फेऱ्या जास्त होतील, होऊ देत, तुला कुठे घाई आहे? सर्वांत खालचा गिअर टाकायचा, दांडा पूर्ण वेगाने फिरवायचा, आणि पुढे वजनाच्या पाट्या अडकवायच्या, नाहीतर चढावर पुढची चाकं हवेत जातील. आणि या पत्राबरोबर जे पार्सल आलंय त्यात तळहाताएवढा एक लोखंडी तुकडा आहे. तो आत्ता बाजूला ठेव, त्याच्याकडे नंतर येते.

तुला ते वर्ष आठवतं का, तू दुकानात राजासारखा वावरायचास ते? मला आठवतं. गिऱ्हाईक आलं की तू खुर्चीतून उठून त्याच्या खांद्यावर हात टाकायचास, त्याच्या पोरांची नावं घ्यायचास, आणि ते बिचारं आलेलं असायचं पान्यासाठी, जायचं ते पंप घेऊन. मी आत असायची, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत. कुठल्या ट्रॅक्टरला कुठलं अवजार झेपेल हे विचारायला लोक आतल्या खोलीच्या दारात माझ्याकडेच यायचे, पण आभार तुझे मानून जायचे. तुझा राग यायचा का? यायचा. खोटं कशाला बोलू. बोलता तू गोड होतास, आणि माझ्या जिभेची धार तुला माहीतच आहे. मग एका सकाळी चहा घेताना बाबांनी सांगून टाकलं की उतारावरची जमीन साफ करायची, तिथे मोठं दुकान बांधायचं, आणि ते बारक्याच्या नावाने चालवायचं. मी तिथेच होते. माझ्याकडे बघून म्हणाले, तू आहेसच की मागे, यंत्रं बघायला. बशी हातात होती, ती मी हळूच खाली ठेवली. आपटलीसुद्धा नाही. माझ्या स्वभावाचा विचार केलास तर हे फार वाईट लक्षण होतं, पण तुम्हा दोघांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तसं त्यांना वाटतं. सहा फुटी मोवर दुकानात पडून होता, तोच जोडायचा असं तुम्ही दोघांनी ठरवलं. दोन दिवसांत रान साफ होईल म्हणालात. म्हाताऱ्या ट्रॅक्टरला तो झेपणार नाही, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी तो जोडून दिला आणि तोंड मिटून बसले. सकाळी तू चालवायला बसलास, बाबा पुढे चालत खुंट दाखवत होते, मी बांधावर डबा घेऊन उभी होते. दगडांच्या ढिगाजवळ बाबांनी हात वर केला, थांब म्हणून. गवत ओलं होतं, ते घसरून बसले. आणि ट्रॅक्टर थांबला नाही. आठ-दहा फूट पुढे गेला आणि त्यांचे दोन्ही पाय ढिगाशी चिरडले. तू खाली उडी मारून वेड्यासारखा एकच वाक्य बोलत होतास, "मी क्लच दाबला होता." दवाखान्यात बोललास, चौकशीला माणूस आला त्याला बोललास, चपराशालाही सांगितलंस. आणि शुद्धीवर आल्यावर बाबा म्हणाले, "क्लच दाबला असता तर थांबला असता." यंत्रातलं त्यांना कळायचं, तुला नाही. मग कोण तुझं ऐकणार? अर्ध्या मांडीखाली काही उरलं नव्हतं त्यांचं, आणि तू घाबरून पाय भलतीकडे ठेवलास आणि वर खोटं बोलतोस, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तुला घराबाहेर काढलं तेव्हा तुझी पिशवी मी भरली होती. उगाच नव्हे, तू काही मागे विसरून परत येऊ नयेस म्हणून.

नंतर बाबा असेपर्यंत तू दोनदा आलास. पहिल्यांदा मी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि बाबा झोपलेत असं सांगितलं, ते मागे चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते तरीही. तू चपला-बुटांच्या दुकानात लागलास, लोकांच्या पायांपाशी बसून मापं घेतोस, हे कळल्यावर मला हसू आलं होतं. हो, हसले मी. अकरा वर्षांत तू गाडी सोड, सायकलवरसुद्धा बसला नाहीस, चौकात रस्ता ओलांडताना बायकोचा हात धरतोस, असं तीच परवा फोनवर सांगत होती. दुकान मात्र छान चाललं माझं. गिऱ्हाइकांना गोड बोलणारा माणूस नसला तरी चालतो, हे मला सिद्ध करायचं होतं, ते मी केलं. आणि बाबांना रोज सकाळी उचलून खुर्चीत, खुर्चीतून दुकानात, दुकानातून परत बिछान्यावर, हे मीच केलं. लोक म्हणायचे, अशी मुलगी सर्वांना मिळो. मी मान खाली घालून ऐकून घ्यायची.

आता तो तुकडा घे हातात. एकीकडे फिरव, फिरेल. दुसरीकडे फिरव, अडेल. सायकलच्या मागच्या चाकात असतं तसंच फ्री आहे ते. आपल्या म्हाताऱ्याला एकच क्लच, त्यावरच चाकं आणि त्यावरच मागचा दांडा. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण मोवरची जड पाती गरगरत असतात. ती दांड्याला फिरवतात, दांडा गिअरला आणि गिअर चाकांना. मग ट्रॅक्टर मोवरला ओढत नाही, मोवर ट्रॅक्टरला ढकलतो. पाती जितकी मोठी, तितका ढकलतो. म्हणून दांड्याच्या सांध्यात हे फ्री बसवायचं असतं, म्हणजे पाती आपली आपली फिरत राहतात आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो. त्यावर कानशीने घासलेल्या तीन खुणा दिसतील. त्या बाबांच्या हातच्या आहेत, त्या सहा फुटीचं फ्री ओळखू यावं म्हणून केलेल्या.

गेली अकरा वर्षं हे माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं होतं. मला ते लपवावंसंही वाटलं नाही, इतकी मी निर्धास्त होते. चौथ्या वर्षी एका दुपारी बाबांनी ते उचललं. खुणांवर अंगठा फिरवला. एकीकडे फिरवलं, दुसरीकडे फिरवलं. मी समोर बसून बोल्ट निवडत होते. बराच वेळ त्यांनी ते मांडीवर ठेवलं, म्हणजे मांडीचा जो भाग उरला होता त्यावर. मग जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "मला जरा आत ने." मी नेलं. त्या दिवसापासून त्यांनी तुला शिव्या देणं बंद केलं. महिन्याभराने एकदा म्हणाले, बारक्याला बोलावू या का. मी त्यांना उचलत होते, अर्धे खुर्चीत आणि अर्धे माझ्या हातांवर, तशीच थांबले आणि विचारलं, "मग तुम्हाला उचलणार कोण?" पुन्हा त्यांनी तुझं नाव काढलं नाही. पुढच्याच आठवड्यात वकिलाला बोलावून जमीन मृत्युपत्रात तुझ्या नावावर लिहिली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

तर झालं होतं असं. मोवर जोडताना हे फ्री लावल्यावर दांडा दोन बोटं लांब पडत होता. करवतीने कापायचा, अर्ध्या तासाचं काम. बाबांनी बजावलंही होतं, फ्री लाव, विसरू नकोस. मी विसरले नाही. बारक्याच्या दुकानासाठी मी का घाम गाळू, म्हणून ते काढून खिशात टाकलं आणि दांडा तसाच बसवला. कुणाचे पाय जावेत असं मनात नव्हतं. यंत्र बिघडावं, तुमची फजिती व्हावी, एवढंच होतं. पण तू "क्लच दाबला होता" म्हणालास त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि त्याच संध्याकाळी मोवर आणायला मी एकटी गेले, कुणी सांध्याकडे बघायच्या आत. ते मात्र मी ठरवून केलं. दुकान मी देणार नाही तुला, ते मागूही नकोस. कोर्टात जायचं तर हे पत्र पुरावा म्हणून चालेल, खाली सही आहे. मी हे लिहिलं नसतं. बाबा गेले तेव्हा तू दाराशी उभा होतास, तेव्हाही मी बोलले नाही, पुढेही बोलले नसते. पण तू पत्रात लिहिलंस, ताई, या वेळी मी क्लच वेळेवर दाबीन. म्हणजे आता तुलाही तेच खरं वाटायला लागलंय. आणि तेवढ्या भरवशावर तू बायकोला पुढे उभं करणार, आणि क्लच वेळेवर दाबूनही ट्रॅक्टर थांबणार नाही. चौकशीच्या माणसाने मला विचारलं होतं, त्याने क्लच दाबलेला तुम्हाला दिसला का. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं, बारक्या. बाबा घसरायच्या आधीच तुझा डावा पाय पार खालपर्यंत दाबलेला होता. मी बघत होते.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होणार,
ताई