हमाल नंबर सात

२८ एप्रिल, सोमवार
प्रमुख निवृत्त होतायत. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या या अख्ख्या ऑफिसात सुरक्षा प्रमुखाच्या लायकीचा एकच माणूस आहे. नम्रतेपोटी नाव लिहीत नाही.

इन्सुलिन पंपाच्या चिपमधली कुलपं मीच बसवतोय. माझ्याच टीममधल्या माएलला आज पुन्हा समजावलं: डीएमए म्हणजे चिपमधले सोळा हमाल. प्रोसेसरला न विचारता माल इकडचा तिकडे नेतात. कुणाची घंटा वाजली की कुठल्या हमालानं उठायचं, ते राउटर ठरवतो. राउटरला हात लावायचा हक्क मी फक्त खास अधिकाराच्या कोडला दिला. संपला विषय.

ती म्हणाली, ते ठीक रे एर्वे, पण घंटेची वाट न बघता कुणी थेट हमालालाच हुकूम सोडला तर? शंका काढायला अक्कल लागत नाही.

३० एप्रिल, बुधवार, ११.२०
माझीच टेस्ट माझ्याच बंदोबस्तात अडकली. बंदोबस्त किती पक्का, याचा पुरावाच हा! सात नंबरचा हमाल सगळ्यांना खुला केला. तात्पुरता. शुक्रवारी नक्की बंद.

२ मे, शुक्रवार
काल कामगार दिन, आज जोडून सुट्टी; इथे याला ‘पूल’ म्हणतात. झाडून सगळे डोंगरात. यांना सुट्ट्यांवर पूल बांधता येतात, कोड लिहिता येत नाही.

सोमवारी बूट कोड, म्हणजे चिप जागी होताच ही कुलपं लावणारा कोड, नमुन्याच्या चिप्सवर कायमचा चढणार. नियम असा, की लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. दुसरा आणू कुठून? माएलचा फोन दोनदा आला. डोंगरात असेल तर कामाच्या गप्पा कशाला, म्हणून उचलला नाही. फॉर्मवर लिहिलं, लिहिणारा: मी. तपासणारा: मी, जेवणानंतर. जेवल्यावर माणूस वेगळाच असतो.

४.१०
सगळ्या हमालांचे अधिकार लॉक केले. मग आठवणीनं सात नंबर बंद केला. आधी कुलूप, मग बाकीचं. चिपनं हूं की चूं केलं नाही. तिला तरी माझी किंमत आहे.

५ मे, सोमवार
कोड चढला. आता देवालाही बदलता येणार नाही.

माएलनं विचारलं, तू आधी बंद केलंस की आधी लॉक? लॉक झाल्यावर म्हणे चिप काही लिहून घेत नाही, आणि घेतलं नाही असं सांगतही नाही. मी म्हणालो, मॅन्युअल पाठ आहे माझं. ती म्हणाली, मग शुक्रवारी माझा फोन का नाही घेतलास?

संध्याकाळी मॅन्युअलचं ते पान उघडलं. डोळे फार थकले होते. मिटलं.

१३ मे, मंगळवार
माझी कुलपं फुटतात का ते बघायला तुलूझच्या लॅबमधून मादाम ओरियोल आल्यात. बाई फार कमी बोलतात. दोन दिवस राउटरशी झटतायत, दाद नाही. डोकं आपटा बाई, डोकं.

कॉफी घेताना साहेब, फाब्रीस, म्हणाला, रिपोर्ट चांगला आला की खुर्ची तुझीच. सात नंबरचं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्याची कॉफी गार झाली असती.

१४ मे, बुधवार
नवा शर्ट घेतला. प्रमुखाला शोभेल असा निळा.

१६ मे, शुक्रवार, १०.४०
मादाम ओरियोल यांनी विचारलं, हा सात नंबर कशासाठी हो? म्हणालो, काही नाही, तो बंद आहे.

१०.५२
पंपाची गुप्त किल्ली स्क्रीनवर. अख्खी. साध्या, बिनअधिकाराच्या कोडनं सात नंबरला सांगितलं, आण, त्यानं आणली.

बाई म्हणाल्या, कुलूप उत्तम लावलंय हो तुम्ही, पण दार उघडं ठेवून. आता खुद्द तुम्हालाही ते लोटता यायचं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्ट अंगाला चिकटला होता. कापड सुमार होतं.

१९ मे, सोमवार
नमुने भंगारात. पंप दोन महिने लांबला. फाब्रीसनं फॉर्म पुढ्यात ठेवून विचारलं, तपासलं कुणी? म्हणालो, नाव आहे ना खाली. तो म्हणाला, तेच तर वाचतोय मघापासून.

माएल सुरक्षा प्रमुख. अभिनंदनाला गेलो तेव्हा म्हणाली, बस रे, कॉफी घेणार का? टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२६ मे, सोमवार
प्रमुखबाईंचा पहिला हुकूम: कोणीही स्वतःचा कोड स्वतः पास करायचा नाही. एर्वे यांनी तर फाइल उघडण्याआधीच परवानगी घ्यायची.

माझ्याच फाइलमधल्या माझ्याच एका ओळीसाठी अर्ज केला. चार तासांनी उत्तर आलं: कारण लिहा.

दुपारपासून लिहितोय. आतापर्यंत जमलेलं इतकंच: लिहिणाऱ्याची चूक होती.