झांजेवरचं नाव

जळगाव,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. अभिमनमामांस,
रूपाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आधीच सांगते, डोकं तापलेलं आहे. खुशालीचं आईच्या पत्रात आलंच असेल.

३० नोव्हेंबरला आमच्या तिघांचा पहिला कार्यक्रम आहे. की-बोर्डवर प्रेमराज, बेस गिटारवर झुलाल आणि ड्रमवर मी. वाजवायचं आहे जॅझ, आणि प्रेमराजने मला न विचारता परस्पर ड्रमसेट आणून ठेवला. मामा, तो सेट डीजेच्या गाडीवर शोभेल. ड्रमवर मढवलेली पानं दुहेरी, जाड, गुळगुळीत. त्यांवर तारांचा ब्रश फिरवला तर नुसता घसरतो. पायाचा ड्रम बावीस इंची, पुढच्या पानाला भोक आणि आत चक्क उशी कोंबलेली. वाजवला की म्हशीने दाराला लाथ मारल्यासारखा आवाज. झांजा चकचकीत आणि जाड, एकदा मारली की बाकीच्या दोघांचं काही ऐकूच येत नाही.

जॅझमध्ये गाडी झांज ओढते, ड्रम मधून मधून बोलतात. मला पायाचा ड्रम अठरा इंची हवा, बिनभोकाचा, म्हणजे तो गुणगुणतो. पानं एकेरी आणि वरून खरखरीत. झांज मोठी, पातळ, काळपट. काडी पडली की आधी टिंग असं स्पष्ट यावं आणि मग मागे धुरासारखं पसरावं. एवढं समजावल्यावर प्रेमराज म्हणाला, की आवाजाचं एवढं जमत नसेल तर की-बोर्डातल्या मशीनवर ताल लावू, तू समोर बसून ऐक. पाच वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्युटी संपवून मी रियाज केला, तो समोर बसायला नाही.

भुसावळला एक निवृत्त रेल्वेवाले आहेत. तरुणपणी नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे. त्यांच्याकडून जुना छोटा सेट आणि वीस इंची काळी झांज मिळाली. झांजेच्या कडेला तीन सैल रिवेट बसवले की आवाजाला फोडणीची चुरचुर येते. इथे कोणी हात लावायला तयार नाही. आई शुक्रवारी येते आहे, तिच्या हाती झांज पाठवते. तुमच्या ओळखीच्या कासाराकडून करून द्याल का? आणि बाजूच्या ड्रमला बकऱ्याचं कातडं मढवून मिळेल का? त्याचा आवाज गोड असतो म्हणतात.

कार्यक्रमाला तुम्ही आणि मामी पहिल्या रांगेत हवेच. मामीस नमस्कार. माझ्या रागावर जाऊ नये, मायेवर जावं.

आपली,
रूपा

धुळे,
१ नोव्हेंबर २०२५

चि. रूपास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, झांजही पोचली. कातड्याचं वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि तुझ्या मामीला म्हणालो, या पोरीला कोणीतरी आवरा.

गोड म्हणे. चौतीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढली मी. ढग आले की कातडं भिजलेल्या पापडासारखं व्हायचं. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला, वऱ्हाडी शिव्या देताहेत आणि आम्ही चौकात रद्दी पेटवून पानं शेकतोय. प्लास्टिकचं पान आलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. आणि तू उलट्या पायांनी मागे निघालीस. कातडं मिळणार नाही. एकेरी खरखरीत प्लास्टिकचं पान लाव. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे पिळत जा, एकाच बाजूने पिळू नकोस. खालचं पान वरच्यापेक्षा ताठ ठेव. तुला हवा तो गोडवा त्यातूनच येईल, नाही आला तर वाजवणाऱ्याच्या मनगटात नाही असं समज.

ड्रममधल्या उशीला नावं ठेवलीस ते बरं केलंस. उशी डोक्याखाली घ्यायची असते. पण अठरा इंची पायाचा ड्रम मला पटत नाही. ते पातेलं झालं.

झांज पाहून आधी वाटलं, भंगारवाल्याने तुला बनवलं. मग टिचकी मारली, तर बोटांना बराच वेळ मुंग्या येत राहिल्या. चीज चांगली आहे. झिपरू कासाराकडे नेतो.

तो प्रेमराज तुझ्या जागी मशीन बसवतो म्हणाला आणि तू ते ऐकून घेतलंस, याचा मला जास्त राग आला. कार्यक्रमाला मी येणार नाही. बहिऱ्याला पहिल्या रांगेत बसवतात, हार घालतात आणि तो चुकीच्या जागी टाळ्या वाजवतो. तसलं मला नको.

ओरडलो म्हणून माया आटली असं धरू नये.

तुझा,
अभिमनमामा

जळगाव,
११ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पार्सल आत्ता एसटी स्टँडवरून आणलं. कागद सोडला आणि झांज उजेडात धरली.

रिवेट तीन सांगितले होते, तीन बसवलेत, ते ठीक. पण मामा, झांजेवर माझं नाव? 'कु. रूपा गोपाल महाजन, जळगाव' असं मशीनने टोचून टोचून? ही काय लग्नात द्यायची परात आहे? पंगतीत कोणाकडे जाऊन हरवेल म्हणून नाव घातलंत? या झांजेचा आवाज तिच्या अंगावर असतो. कुठे हातोडीचा ठोका, कुठे पत्रा पातळ, त्या सगळ्याचा तो आवाज. पन्नास वर्षं जुनं ते अंग तुम्ही सुईने टोचून घेतलंत, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. प्रेमराजने न विचारता सेट आणला म्हणून मी तुमच्याकडे तक्रार केली आणि तुम्ही तेच केलंत.

मी ती वाजवलेलीसुद्धा नाही. हातच होत नाही. आता प्रेमराजच्या त्या तालाच्या मशीनलाच बसू दे माझ्या जागी.

मामीस नमस्कार. या वेळी प्रेमाचं काही लिहवत नाही, क्षमा असावी.

रूपा

धुळे,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. रूपास यशोदामामीचे अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. तीन दिवस झाले, रोज तोच शर्ट घालतात. लिहा म्हटलं तर म्हणाले, काय लिहू, पोरीची वस्तू खराब केली. म्हणून मीच लिहिते आहे, आणि मला तुझा राग आला आहे तोही लिहिते.

तू म्हणतेस परात. तुझ्या मामाने चौतीस वर्षं जो सेट वाजवला त्याच्या पुढच्या पानावर बँडमालकाचं नाव होतं, सोनेरी रंगात, हातभर मोठं. यांचं कुठेच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी कान गेले, तेव्हा मालकाचा माणूस टेम्पो घेऊन आला, दारातून सेट उचलला आणि पुढच्या लग्नाला दुसरा माणूस बसवला. हे ओट्यावर उभे राहून बघत होते. तेव्हा म्हणाले होते, ज्याचं नाव त्याचा ड्रम, आपण नुसते हात. त्यानंतर कधी काडी हातात घेतली नाही. तुझ्या पत्रात ते मशीनचं वाचलं आणि मला म्हणाले, हिला कोणी उठवता कामा नये, हिच्या वस्तूवर हिचंच नाव पाहिजे.

आणि न बघता केलं असं समजू नकोस. झिपरूकडे तीन फेऱ्या झाल्या. हे काडीचं एक टोक दातात धरायचे, दुसरं झांजेच्या कडेला टेकवायचे आणि झिपरूला वाजवायला लावायचे. कानाने नाही कळत, पण दातातून डोक्यात उतरतं म्हणतात. रिवेटांच्या आधी तसं पाहिलं, नंतर पाहिलं, आणि नाव घालताना दर अक्षराला थांबवून पाहिलं. झिपरू वैतागून म्हणाला, आवाज बठ्ठा तोच शे, काही बदलला नाही, आबा, आता मला बाकी गिऱ्हाईक पाहू द्या. येणारे-जाणारे हसत होते. मी शरमेने पायरीवर उभी.

विचारायला हवं होतं, ते मी यांनाही सुनावलं. पण बहिऱ्या माणसाने ती झांज एवढ्या वेळा ऐकली आणि तुझे कान धडधाकट असून तू एकदाही वाजवली नाहीस. आधी वाजव, मग भांड.

तुझी,
मामी

जळगाव,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामींचं पत्र आलं त्या संध्याकाळी झांज स्टँडवर चढवली. लाज वाटत होती, म्हणून आधी हळूच वाजवली. टिंग आलं, आणि मागून तीन रिवेटांची चुरचुर, तेलात मोहरी पडावी तशी. मी पाऊण तास तेवढंच वाजवत बसले. नावामुळे फरक पडला का? खरं सांगते, मला ओळखू येत नाही, आणि मी कान देऊन ऐकलं.

पानं तुम्ही सांगितली तशी ताणली. ब्रश आता घसरत नाही, सळसळतो. पायाचा ड्रम पातेलं नाही, हे मात्र मान्य करा. काल तालमीला प्रेमराज वाजवता वाजवता थांबला आणि विचारायला लागला, की हे काय बदललंय. मी त्याला सांगितलं, ड्रम मी वाजवणार, आणि मशीनचा विषय पुन्हा निघाला तर मी आणि झुलाल दोघंही उठू. झुलालने मान हलवली. विषय संपला.

माझा राग अजून थोडा शिल्लक आहे. विचारायला हवं होतंत. पण मी न ऐकता बोलले, ते त्याहून वाईट. चुकले.

आता माझं ऐका. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची नाही. स्टेजवर, माझ्या झांजेशेजारी ठेवली आहे. हार घालणारा कोणी तिथे चढणार नाही. एक काडी तुमच्यासाठी वेगळी काढली आहे. तुम्ही आला नाहीत तर मी सुरू करणार नाही, लोक ताटकळू देत घोड्यावरच्या नवरदेवासारखे.

मामीस सांगावं, भांडण मिटलं. आशीर्वाद हक्काने मागते आहे.

तुमची,
रूपा

धुळे,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. रूपास,
अ. उ. आ.

तू रागावलीस ते बरोबर होतं. माझ्या वाद्याला कोणी न विचारता सुई लावली असती तर मी त्याला चौकात धरला असता. तू मात्र मला तीन ओळींत सोडून दिलंस. तुझी आई अशी नव्हती, ती महिनाभर बोलायची नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. मामी म्हणते, चारचौघांत दातात काडी धरून बसाल तर लोक हसतील. हसू देत. सहा वर्षं लोक माझ्याशी ओरडून बोलताहेत आणि मी समजल्यासारखी मान हलवतो आहे, त्यापेक्षा हे बरं. खुर्ची झांजेला लागून ठेव. पायाचा ड्रमही हाताच्या अंतरावर असू दे. तो पातेलं आहे की नाही हे हात ठेवल्यावर ठरवीन, तुझ्या सांगण्यावरून नाही.

नारळ, शाल आणि भाषण यातलं काही दिसलं तर तसाच परत फिरेन. मी सत्काराला येत नाही. मी ऐकायला येतो आहे.

तुझा,
अभिमनमामा