कॅमेऱ्याकडे बघू नका

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी पासपोर्ट फोटो काढणारी बाई नाही. डॉक्युमेंटरी फोटोग्राफर. (नऊला दुकान उघडायचंच आहे, पण मनातून.)
इन्स्टावर एका बाईंना फॉलो करते. नऊ वर्षं एकाच बंदरावर फोटो काढतायत. मी बावीस वर्षं ह्यांच्या स्टुडिओत, एकाच स्टुलावर बसणाऱ्या माणसांचे काढतेय. म्हणजे लाँग टर्म प्रोजेक्ट चालूच आहे की! नाव द्यायचं राहिलं होतं, इतकंच.
पुण्यात २ मार्चपासून वर्कशॉप. नामवंत फोटोजर्नालिस्ट शिकवणार. आधी दहा फोटो पाठवायचे, त्यातून निवड. अट एकच: पोझ नको.

५ फेब्रुवारी
पहाटे सांगोल्याला जाऊन मेंढपाळांचे फोटो काढायचे ठरले होते. गेले नाही. एका शाळेची सगळी पाचवी आयकार्डसाठी आली.
ह्यांनी विचारलं, सांगोल्यात कोण आहे आपलं? म्हटलं, मेंढ्या. म्हणाले, त्यांना काय आधार कार्ड काढायचंय?
कलाकारानं वाद घालू नये.

८ फेब्रुवारी
प्रयोग दुकानातच सुरू. पासपोर्टला आलेल्या गृहस्थांना म्हटलं, सहज बसा, मी नाहीच असं समजा. पंधरा मिनिटांनी त्यांनी जांभई दिली. क्लिक! काय खरा फोटो!
ह्यांनी तो पुसून दुसरा काढला. पासपोर्टवाल्यांना सत्य नको, कान हवेत.

११ फेब्रुवारी
ह्यांची कंबर धरली. रविवारी नणंदेच्या मुलीचं, सृष्टीचं लग्न. फोटो आमच्याकडे. हे मामा म्हणून खुर्चीत बसून राहणार, कॅमेरा मी एकटी सांभाळणार. ह्यांचं वाईट वाटलं. थोडं.
कबूल केलंय त्यांनी: लग्न नीट पार पाड, मग खुशाल पुण्याला जा. फक्त आहेर देणाऱ्या प्रत्येकाचा समोरून फोटो हवा, वस्तू दिसली पाहिजे. कोण आलं, कोण नाही, ते अल्बमवरूनच ठरतं म्हणे.
मान हलवली. लग्नही होईल, दहा फोटोही होतील.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. एकालाही कॅमेऱ्याकडे बघू दिलं नाही.
नवरदेवाचे ईश्वरप्पा काका मिक्सरचं खोकं घेऊन हसत उभे राहिले. मी थांबले. हसू उतरल्याशिवाय खरा माणूस दिसत नाही. वेळ लागला, पण उतरलं. मग काढला.
हे खुर्चीतून सारखे हात हलवत होते. इतकं कौतुक ह्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.
नणंदेच्या सासूबाई, सुंदरम्मा, अक्कलकोटहून आल्या होत्या. इरकल नेसून, भस्म लावून, ताठ बसल्या. म्हणाल्या, चांगला काढ बघ, माझा एक बी फोटो नाही. म्हटलं, आजी, कॅमेऱ्याकडे बघू नका. बिचाऱ्यांनी मान वळवली. मी त्यांचे हात काढले. फक्त हात. सुरकुत्यांत सगळं आयुष्य. असे हात काढणारे एक जण आहेत, त्यांना जगभर बक्षिसं मिळालीत.

१८ फेब्रुवारी
दहा फोटो पाठवले. त्यात चार हात.

२२ फेब्रुवारी
निवड झाली!! रविवारी पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय.

२४ फेब्रुवारी
नणंदेचा, दानेश्वरीवन्संचा फोन. फोटो बघितले म्हणे. वहिनी, लग्न आमचंच होतं ना? व्याही विचारतायत, ईश्वरप्पांचं स्टेजवर भांडण कशावरून झालं?
समजावलं, ह्याला स्टोरी म्हणतात.
मग सुंदरम्मांनी फोन घेतला. म्हणाल्या, मी मेल्यावर हार काय हाताला घालतेत व्हय गं?
म्हटलं, आजी, हातांत तुमचं सगळं आयुष्य दिसतंय.
म्हणाल्या, का, तोंड लई वाईट हाय का माझं?
रेंज गेली असावी. मी फोन ठेवून दिला.

२५ फेब्रुवारी
फोटोंचा निकाल लागला. दोन्हीकडच्या सगळ्यांनी पुन्हा लग्नाचे कपडे घालून आमच्या स्टुडिओत यायचं. रविवारी, २ मार्चला. सोमवारी जावईबापू बंगळूरला कामावर जाणार, त्यामुळे दुसरा दिवस नाही. आणि ह्यांना अजून वाकता येत नाही.
पुण्याला फोन केला, एक दिवस उशिरा आले तर? म्हणाले, मग तुमची जागा दुसऱ्यांना देऊ.
दिली.
ठीक आहे. मोठमोठ्या फोटोग्राफरांनाही व्हिसा मिळत नाही कधी कधी.

२ मार्च, रविवार
दिवसभर आहेर. मिक्सर सृष्टीच्या घरी वापरात आहे, म्हणून ईश्वरप्पा काका रिकामं खोकं घेऊन आले. आज हसेनात. हसा म्हणून मलाच सांगावं लागलं.
सुंदरम्मा शेवटी बसल्या. म्हटलं, आजी, माझ्याकडे बघा. त्यांनी बघितलं. मी बटण दाबायचं विसरले. इतकी वर्षं मी फक्त लोकांचे कान आणि हनुवट्या बघत आले बहुतेक.
स्क्रीनवर फोटो बघून म्हणाल्या, हां. आता कधी बी. आणि चहा मागितला.

९ मार्च
सुंदरम्मांनी फोटो गल्लीभर दाखवला. काल अक्कलकोटहून भरून क्रूझर गाडी आली. सगळ्या आज्या. एकीनं दुसरीची नथ उसनी घेतली, तिसरीनं पहिलीची. सगळ्या ताठ, सगळ्या समोर बघणाऱ्या. पुढच्या तीन रविवारांचं बुकिंग झालंय.
हे म्हणाले, कंबर बरी आहे आता, पण त्या तुझंच नाव घेतात. तूच काढ.
हो म्हटलं. तात्पुरतं.
स्टुलावर म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. हातांची जड खुर्ची आणली. तीही सरकत होती, म्हणून आज सुताराला बोलावून फरशीत बोल्ट मारून घेतले.