ना या खोलीत, ना त्या खोलीत

ती. मावशीस,

बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार (जिन्याच्या पायरीवर आडवं व्हायला जागा नाही). गुडघे कसे आहेत? मांजर अजून रुसलेलंच का? मी मजेत आहे, फक्त कुठे आहे ते सांगता येत नाही.

आमच्या कंपनीच्या वसतिगृहात खोल्या बदलून देणारा प्रोग्राम मीच लिहिला, हे तू चारचौघांत सांगत असतेसच. त्यात कामं दोन: जुन्या खोलीवरचं नाव काढायचं, नव्या खोलीवर चढवायचं. दोन्ही मिळून एकच ट्रान्झॅक्शन. म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर सगळं होतं तसं पूर्ववत. इथवर चोख होतं. पण मध्येच काही बिघडलं तर माणूस उगाच घाबरेल, म्हणून (माझा स्वभाव तुला ठाऊक आहे) ती चूक आतल्या आत गिळायची आणि पडद्यावर ‘छान झालं’ म्हणायचं, अशी सोय मी करून ठेवली. प्रोग्रामलाही ते खरंच वाटलं. नाव काढून झालं होतं, चढवताना बिघडलं, आणि त्याने तेवढं अर्धं काम कायमचं पक्कं करून टाकलं. पहिला अर्ज माझाच होता, कोपऱ्यातल्या उन्हाच्या खोलीसाठी.

तेव्हापासून इथली दारं मला ओळखत नाहीत. जुनी खोली रिकामी दिसताच एका उंच गृहस्थांना मिळाली, कोपऱ्यातली एका बाईंना (त्या खिडकीतल्या झाडांना इतकं सावकाश पाणी घालतात की भांडायचं राहूनच जातं). आमच्या मॅडम म्हणाल्या, “अरे, चूक झाली तर ओरडू दे की तिला! तू कशाला तिचं तोंड दाबतोस?” पटलं. पण खोली काही मिळाली नाही. दुपारी कपडे धुण्याच्या खोलीत यंत्रांची घरघर ऐकत डोळे मिटतो, तेव्हा वाटतं आपण वाफ झालो. घटकाभर काचेवर बसायचं आणि विरून जायचं. बरं वाटतं. मग एकदम फार एकटं वाटतं, मावशी.

असो. तब्येतीला जप.

तुझा,
सध्या कुठेच नसलेला भाचा

ता. क. तुझ्या मागच्या खोलीत राहायला येऊ का? सावकाश विचार कर. तुझा होकार आल्याशिवाय इथली काडीही हलवणार नाही, एवढा धडा मी शिकलो.

ता. क. २. हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती देतो आहे. सामान तेवढं उतरवून घे. त्याला परत पाठवायचं म्हटलंस, तर द्यायला माझ्याकडे पत्ता नाही.