वाचले असे समजून

चिंचबाव, पो. अंबाडी
२३ ऑगस्ट २००६

तीर्थस्वरूप भाऊस,
चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

भिवंडीच्या तीन दिवसांच्या सदस्य-प्रशिक्षणाला तुझ्याकडे राहून वहिनीच्या हातचं फुकट खाल्लं, ते वाया गेलं नाही बरं का! वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं की सभेत मखरातल्या गौरीसारख्या बसू नका, विषय ऐका, हात वर करा. काल आमच्या ग्रामपंचायतीच्या सभेत पहिलाच विषय निघाला कायम करण्याचा. ग्रामसेवक भराभर वाचत होते, मागचंपुढचं नीट ऐकू आलं नाही, पण मला कळलं ना! आपला पाणी सोडणारा नामा, अकरा वर्षं रोजंदारीवर. निवडणुकीत मी दारोदार हेच तर बोलले होते. सगळ्यांच्या आधी माझा हात वर!

सभा सुटल्यावर तडक टाकीपाशी गेले आणि नामाला सांगितलं की तू कायम झालास. वॉल्व्हची चावी हातात धरून तो नुसता रडला रे. संध्याकाळी त्याची बायको अंबाडीहून पेढे घेऊन आली. वहिनीसाठी चार बाजूला ठेवलेत.

माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी,
चंद्रा


भिवंडी
२६ ऑगस्ट २००६

चि. सौ. चंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी खूश झाली, मी मात्र ते दोनदा वाचलं. अगं शहाणे, प्रत्येक सभेचा पहिला विषय तोच असतो: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. गेल्या सभेत जे झालं म्हणून वहीत लिहिलंय ते बरोबर आहे, असं सगळ्यांनी मान्य करायचं. त्यात नामा कुठून आला? मी कचेरीत तीस वर्षं हेच लिहीत होतो आणि सख्ख्या बहिणीला सांगायचं सुचलं नाही, चूक माझीच.

आता प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, वही मागून घे. सदस्य आहेस, नाही म्हणणार नाहीत. तू कशाला हात वर केलास ते आधी वाच. पेढे तोवर पाठवू नकोस.

तब्येतीला जप, आणि घाबरू नकोस.

तुझा,
भाऊ


चिंचबाव
२ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊ, माझं तोंड काळं झालं. जुलैच्या सभेच्या पानावर ठराव आहे: पाणी सोडण्याचं काम ठेक्याने द्यावं, सध्याच्या माणसाला एक ऑक्टोबरपासून बंद करावं. खाली लिहिलंय, सर्वानुमते मंजूर. त्याच्याही खाली माझी सही! त्या दिवशी पाण्याचं कोणी नावसुद्धा काढलं नव्हतं. चहा झाला, हजेरी म्हणून वही फिरली, पान वर कोरं होतं, मी सही ठोकली. आणि आता हात वर करून तेच पक्कं केलं. ठेकेदार सरपंचांचा मेहुणा आहे, हे तर साऱ्या गावाला ठाऊक.

वरच्या पाड्याला पाणी चढवायला कुठला वॉल्व्ह किती पिळायचा हे एकट्या नामाला कळतं. त्याच्या आळीतून जायची मला लाज वाटते. तो लांबून हात जोडतो. तुम्ही शिकलेले लोक असले शब्द कशाला रे वापरता? कायम म्हणायचं आणि माणसाला काढायचं!

रागाने लिहिलं, पोटात घाल.

चंद्रा


भिवंडी
५ सप्टेंबर २००६

चि. सौ. चंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग वाजवी आहे. आधी नामाकडे जा आणि खरं काय ते स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळायला नको. मग ठरावाचा फेरविचार व्हावा असा अर्ज लिही. सातांपैकी चौघांच्या सह्या मिळव.

सभेत म्हणतील की ठराव सगळ्यांना माहीत आहे, वाचला असे समजून पुढे जाऊ. तू भांडू नकोस. फक्त म्हण, वाचा. चंद्रे, हे तीन शब्द, वाचले असे समजून, मी किती सभांना लिहिले त्याला गणती नाही. काही पानं अशी होती की कोणी वाचा म्हणालं असतं तर माझी बोबडी वळली असती. तीस वर्षांत एकानेही म्हटलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

वहिनीचा तुला धीर.

तुझा,
भाऊ


चिंचबाव
२३ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

नामाला सांगितलं. त्याची बायको म्हणाली की पेढ्यांचं सोड, आमचं हसं झालं. ते मी ऐकून घेतलं.

मग चौघांच्या सह्या मिळवून अर्ज दिला. कालच्या सभेत तो विषय निघाला तसे सरपंच अगदी तू लिहिलेलेच शब्द बोलले. मी म्हटलं, वाचा. ते हसले. मी परत म्हटलं, वाचा. मग ग्रामसेवकांना वाचावं लागलं. सर्वानुमते हा शब्द आला तशी आमची ठकुबाई, सगळ्यांत जुनी सदस्य, उठून उभी राहिली. म्हणाली की त्या दिवशी मी च्या लय गोड हाय एवढंच बोलले होते, ते कुठं लिवलंय? सगळी सभा हसली, सरपंचसुद्धा. पाच हात वर झाले. ठराव रद्द!

आज पहाटे नामाने नेहमीसारखं पाणी सोडलं. अजून रोजंदारीवरच आहे बिचारा. पण पुढच्या सभेसाठी मी माझ्या हाताने विषय लिहून दिलाय: नामाला कायम करणे. या वेळी कोणाला म्हणजे कोणाला, ते नावानिशी लिहिलंय. त्याच्या बायकोने विचारलं की पेढे आणू का. मी म्हटलं, आधी ठराव वाचू दे.

एवढं मोठं पत्र वाचले असे समजू नकोस. वाच.

तुझी,
चंद्रा