फेरी अजून सुरू झालेली नाही

शुक्रवार, १२ जून
सेंगाचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं की उद्या माझी सायकल चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलला देऊन टाकायची. "शेडमध्ये गंजत पडलीय, तुझ्यासारखीच." लग्नाआधी याच सायकलच्या दांडीवर बसून माझ्याबरोबर फिरायची, ते विसरली! मी पैज लावली. उद्या आपल्या बेटाला पूर्ण फेरी, एकदाही न उतरता. जमलं तर सायकल घरातच राहणार. सोळा किलोमीटर, सपाट रस्ता. शाळेची पोरं आइस्क्रीम खात मारतात ही फेरी. मी तर इथल्या मिलपोर्ट गावातच जन्मलोय.

शनिवार, १३ जून
सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. नऊला निघतोय. घाई पर्यटकांना असते.

साडेनऊ. चर्चचा हॉल.
बोटीच्या धक्क्याकडे निघालो, तर वारा सरळ तोंडावर. पाय न टेकता सायकल वळवली, म्हटलं उलट्या बाजूनं फेरी मारू. गावात परत येतो तर वारा इकडूनही समोरूनच. सेंगाला फितूर आहे. तो पडेपर्यंत चहा. उतरलो खरा, पण नियम फेरी सुरू झाल्यावर लागू, आणि फेरी अजून सुरू झालेली नाही. सायकल हॉलच्या भिंतीला टेकवली. कुलूप नाही. इथे कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांना चोर म्हणणं.

साडेदहा
सेल सांभाळणाऱ्या नेटाबाईंनी तिसरा स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा छोटा गोड पाव, वाढला. "वारा पडला का रे डूगी, की आता तूच पडणार?" उत्तर म्हणून कप पुढे केला. तोंडात स्कोन होता.

अकरा
सायकल नाही!
नेटाबाई म्हणतात, "अरे देवा, तुझी होती ती? भिंतीला लावलेलं सगळं सेलचंच असतं, माहीत नाही का तुला?" बोटीनं पलीकडच्या ग्रीनॉकहून आलेल्या कुणा क्रिसी आजींना विकली. वय पंचाहत्तर. निषेध म्हणून चौथा स्कोन नाकारला. म्हणजे अर्धाच खाल्ला.

दुपार. समुद्राकाठचा बाक.
आजी आल्या, घंटी वाजवत, गेल्या त्याच्या उलट बाजूनं. म्हणजे अख्खं बेट फिरून! विचारलं, कुठे कुठे उतरलात? "उतरायला काय झालंय? लोण्यासारखी चालते की!" परत मागितली, पाचपट देतो म्हटलं. "वेडा आहेस का बाळा? अशी सायकल कोणी विकतं का?" मी तरी दुसरं काय म्हणत होतो? सायकल उत्तम आहे हे माझं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. मग आजी तिला घेऊन बोटीकडे गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे नाही.

संध्याकाळ. शेड.
सेंगानं विचारलं, कितीदा उतरलास? "एकदाच," मी ठणकावून सांगितलं. यात खोटं काहीच नाही. ती हसली. "एकदा चालतं रे. शेडमधला पसारा काढलाय. दांडीसाठी उशीपण शिवलीय. जा, आत आण तिला, पाऊस येईल."
सायकल आणायला म्हणून बाहेर आलोय. उशी निळी आहे. वारा आता पूर्ण पडला आहे.