दुआबाई पुन्हा येतील तेव्हा

उदय, गॅसवर दूध ठेवून तू अंघोळीला जातोस, तेव्हा तुला तोंडी काही सांगण्यात अर्थ नाही. लिहूनच ठेवते.

मी, द्वारकाबाई भाऊसाहेब सोनवणे, वय शहात्तर, मूळ सिन्नरची, हल्ली मुलाकडे सौदीत अल-खोबरला राहणारी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाला न जुमानता माझी शेवटची इच्छा सांगते. मला अक्षर येत नाही. शेजारची रत्नागिरीची इस्मत लिहून घेते आहे. दडपण आहे ते तिच्या घड्याळाचं. तिची मुलं शाळेतून यायची झालीत.

माझ्या सोन्याच्या बांगड्या सून रुचिरा हिला. डॉक्टर असूनही ती माझा काढा मुकाट्याने पिते.

नात गौरी नऊ वर्षांची. तिला बसता येत नाही, घास गिळायला वेळ लागतो. ज्या जुन्या नऊवारीची झोळी करून मी तिची कूस बदलते, ती नऊवारी गौरीची. फार धुऊ नये. माझा वास आला की पोरगी आखडलेले हात सैल सोडते.

आता मुद्द्याचं. सरकारी खर्चाने घरी सांभाळणारी बाई मिळावी म्हणून रुचिराच्या इस्पितळामार्फत आपण अर्ज केला. अर्ज तपासणाऱ्या दुआबाई घर बघायला आल्या. तर उदय-रुचिरा दोघांनी काय करावं? पाहुणे येणार म्हणून गौरीला रेशमी फ्रॉक, कफ ओढायचं मशीन कपाटात, टेबलावर शंकरपाळे! दुआबाईंनी विचारलं, "अडचण काय येते?" उदय म्हणाला, "नो प्रॉब्लेम, वी मॅनेज." खलास. घरात पुरेसे हात आहेत, असं कळवून त्यांनी अर्ज नामंजूर केला.

अरे, ते हात माझे होते. आणि माझं हृदय आता थकलंय, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं.

इस्मत म्हणते, "आजी, असलं मृत्युपत्रात नाही लिहीत."

"तू लिही गं. वकील येणारे का गौरीला उचलायला?"

म्हणून सिन्नरच्या माझ्या दोन खोल्या उदयला अटीवर देते. अर्ज पुन्हा करावा. दुआबाईंना गौरीच्या जेवणाच्या वेळी बोलवावं. मशीन, ठसका, रडणं, सगळं बघू दे त्यांना. आणि उदयने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, "आम्हाला एकट्यांना जमत नाही." म्हणाला, की खोल्या त्याच्या. नाही म्हणाला, तर माझ्या जावेच्या. तिने माझं पितळी घंगाळ नेलं ते अजून "उद्या आणते".

तुला लाज वाटते, ठाऊक आहे मला. लहानपणी अंगातला ताप लपवून शाळेत जायचास. पण ही लाज गौरीला परवडायची नाही, बाळा.

द्वारकाबाई सोनवणे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. इस्मत मुकादम (लेखनही हिचंच)
२. नागेश कुलथे, उदयचा मित्र. याला सगळं वाचून दाखवलं. रडला, पण सही नीट आली.

अल-खोबर, १२ जानेवारी २०२५

अंगठा दिल्यावर आजींनी आणखी सांगितलं, तेही लिहिते: घरी जी बाई येईल तिला पहिल्या दिवशी जाताना डबा द्या. मऊ भात, वरण, वर तूप. तिखट काही नको. दुसऱ्या दिवशी विचारा, तुझी आई तुला काय करून घालायची गं? ते शिकून घ्या, आणि मग तेच पाठवत जा.